उजेड घेतला का?

आमच्या भूममध्ये सकाळी कुणी भेटलं की विचारतात, "च्या झाला का?" दुपारी भेटलं तर, "जेवलाव का?" गुंजाळ सर मात्र बारा महिने तेरा काळ एकच विचारायचे, "उजेड घेतला का?" आणि नुसतं विचारून थांबतील तर ते गुंजाळ सर कसले! समोरचा जरा घुटमळला की त्याचं मनगट धरायचं आणि सावलीतून बाहेर ओढायचं. मग तो शिपाई असो, प्राचार्य असोत, नाहीतर खव्याच्या भट्टीवरून घामाघूम होऊन आलेला माणूस असो. "आधी हितं उजेडात या, मंग बोला." एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनाच त्यांनी फायलीसकट पटांगणात उभं केलं. साहेब बिचारे उन्हाकडं पाठ करून उभे, आणि सर म्हणतायत, "पाठ न्हाय साहेब, तोंड फिरवा! सूर्याकडं टक लावायची न्हाय, पण उजेड डोळ्यांत जाऊ द्या. पाणी मुळाला घालतात, शेंड्याला न्हाय." साहेबांनी तोंड फिरवलं. पुढची सगळी तपासणी लिंबाखाली झाली आणि फार सुरळीत झाली, हे आमचे प्राचार्य अजून कबूल करत नाहीत.

माझी आणि सरांची पहिली भेट अशीच ओढाताणीची. मी मराठी शिकवायला ज्युनिअर कॉलेजवर रुजू झाले त्या दिवशी नवीन साडी नेसून, केसांत गजरा माळून स्टाफरूममध्ये बसले होते. तेवढ्यात एक बुटके, टकलावर चार केस वाऱ्यावर उडणारे गृहस्थ सायकलची क्लिप पायाला तशीच ठेवून आत आले. माझ्याकडं बघितलं, आणखी जवळ येऊन बघितलं, आणि म्हणाले, "मॅडम, तुमच्या डोक्यात अजून रात्रच चालू हाय." अहो, पहिला दिवस! ओळख ना पाळख! मी काहीतरी टोचून बोलणार, तोवर बाईमाणसाचा हात धरायला नको म्हणून त्यांनी माझी पर्सच उचलली आणि बाहेर चालू लागले. पर्समागं मला जावंच लागलं. लिंबापलीकडच्या उन्हात पर्स ठेवून ते म्हणाले, "बसा. उजेड घ्या. पर्स सेफ हाय." मी बसले, रागानं धुसफुसत. पण खरं सांगते, थोड्या वेळात डोळ्यांवरची झापड उतरली. ह्या माणसाचं बोलणं खरं होतं, हेच जास्त झोंबलं.

सर जीवशास्त्र शिकवायचे. त्यातही मेंदूच्या धड्यावर त्यांचा असा जीव होता की तो धडा ते वर्षातून दोन-तीनदा शिकवायचे आणि उत्सर्जन संस्था पोरांनी घरी वाचायची. एकदा डोळा समजावून सांगायला वर्गात काळीभोर उस्मानाबादी शेळी घेऊन आले. बॅटरी मारली की शेळीची आडवी बाहुली कशी बारीक होते ते दाखवायचं होतं. शेळीनं बाहुली दाखवली, आणि दाखवता दाखवता टेबलावरचं हजेरीपत्रक अर्धं खाल्लं. सर टाळ्या वाजवून हसत सुटले. "बघा पोरांनो! उजेड दिसला की हिला कळलं, चरायची वेळ झाली!" त्या महिन्यात निम्म्या वर्गाची हजेरी शेळीच्या पोटात असल्यामुळं सगळेच पूर्ण हजर धरले गेले.

उजेडाचा हा भक्त अंधार पडला की मात्र गळपटायचा. सूर्य मावळला आणि सरांना कुणी बोलण्यात गाठलं, तर वाक्य कर्त्यापाशी सुरू होऊन कर्मापर्यंत यायचं आणि क्रियापदाच्या आधी सर झोपलेले. कॉलेजच्या गॅदरिंगला त्यांना परीक्षक केलं होतं. स्टेजवर ढोलकी, लेझीम, शिट्ट्या, आणि पहिल्या खुर्चीत सर घोरतायत. बक्षीस कुणाला द्यायचं म्हणून हलवलं तर म्हणाले, "सगळ्यांना द्या, लई गुणी हायत," आणि पुन्हा मान टाकली. घरात त्यांनी संध्याकाळी मोठा दिवा लावायचा नाही असा नेमच केला होता. गुंजाळकाकू कपाळावर हात मारून सांगायच्या, "आवो, पाव्हणे आले तर मला त्यांचं तोंड दिसंना. मावशी समजून म्या मामीला लुगडं नेसवलं!"

हे सगळं आम्ही हसण्यावारी न्यायचो. माझं हसू थांबलं ते आमच्या अण्णांमुळं.

अण्णा म्हणजे माझे वडील. एसटीत ड्रायव्हर होते आणि जवळजवळ सगळी नोकरी रातराणीवर काढली. दिवसा झोपायचं, रात्री गाडी हाकायची. रिटायर झाल्यावर आईनं त्यांना माणसांत आणलं. तिची तऱ्हा सोपी होती. सकाळी झाडायला घेतलं की अण्णांची बाज अण्णांसकट अंगणात ओढायची. "उठा, मला खोली झाडू द्या!" अण्णा करवादत उठायचे, उन्हात चहा प्यायचे आणि दिवसाला लागायचे. मग आई गेली. बाज अंगणात ओढणारं कुणी उरलं नाही. अण्णा आतल्या खोलीत, खिडकीला गोधडी लावून, दिवसभर झोपायला लागले. आणि दिवस मावळला की जागे! मग भांडी घासणं, रेडिओ लावणं, शेजाऱ्यांच्या कुत्र्याला नावानं हाका मारणं, ट्यूबच्या उजेडात पेटी उघडून जुने पितळी बिल्ले पुसत बसणं. आम्ही घरात दोघंच, त्यामुळं त्यांच्याबरोबर मीही जागी. वर्गात शिकवता शिकवता माझा डोळा लागायचा.

माझा दादा पुण्यात कॉम्प्युटर कंपनीत. त्याचं ऑफिस अमेरिकेच्या वेळेवर चालायचं, म्हणजे तोही रात्रपाळीचाच गडी. त्याचा फोन आला, "सुरे, असं किती दिवस काढशील? भाऊबिजेला मी गाडी घेऊन येतो आणि अण्णांना घेऊन जातो. तसाही मी रात्रभर जागाच असतो, त्यांना सोबत होईल." बोलणं बिनतोड होतं. पण दहाव्या मजल्यावरच्या बंद फ्लॅटमध्ये दोन माणसं दिवसभर पडदे ओढून झोपलीयत, हे चित्र काही डोळ्यांसमोरून हलेना. अण्णांना विचारलं तर म्हणाले, "जातो की. ज्याला रात का दिस समजंना, त्याला भूम काय आन पुणं काय." हे ऐकून मी दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये ढसाढसा रडले. अण्णांना पाठवायचं नव्हतं आणि ठेवणं जमत नव्हतं.

सरांनी सगळं ऐकून घेतलं. मग दोन्ही हात चोळले. दुसऱ्याच्या दुःखावर असे हात चोळणारा माणूस मी पहिल्यांदाच बघत होते. "मॅडम, रडू नका. लई भारी केस हाय ही! भाऊबिजेला वेळ हाय. उद्या सकाळी येतो."

आले ते थेट अण्णांच्या बाजेपाशीच. अण्णा कुरकुरत उठले. सर म्हणाले, "अण्णा, तुम्ही एसटीतले. मला सांगा, स्टँडवर गाड्या कोण सोडतं?"

"कंट्रोलर," अण्णा म्हणाले. एसटीचा विषय निघाल्यावर ते गप्प बसणं शक्यच नव्हतं.

"आपल्या मेंदूत बी एक कंट्रोलर बसलाय. दोन्ही डोळ्यांच्या नसा मागं जिथं एकमेकींना ओलांडतात ना, तिथंच जरा वर. ज्वारीच्या दाण्याहून बारीक. झोपेची गाडी कवा सोडायची, भुकेची कवा, अंगात ऊब कवा आणायची, सगळं त्यो ठरवतो. शेळीत हाय, कुत्र्यात हाय, हत्तीत हाय, तुमच्यात हाय. पण त्याच्या हातातलं घड्याळ रोज जरासं मागं पडतं. ते मिळवायचं कुणी? सकाळच्या उजेडानं! डोळ्यांत काही पेशी अशा असतात की त्यांना चेहरे दिसत न्हाईत, अक्षरं दिसत न्हाईत. उजेड किती हाय एवढंच त्या कंट्रोलरला कळवतात. तुम्ही बसलाव खिडकीला गोधडी लावून, आन रात्री ट्यूब पेटवून. कंट्रोलर म्हणतो, दिवस आत्ता निघाला वाटतं. मंग झोपेची गाडी लागणार कशी?"

अण्णा विचारात पडले. "म्हंजी कंट्रोलरला दोष न्हाय?"

"अजिबात न्हाय. त्याला कुणी सांगावाच धाडला न्हाय."

"मंग ठीक हाय," अण्णा म्हणाले. कंट्रोलरला दोष दिला असता तर ते सरांबरोबर बाहेर पडले नसते.

त्या दिवसापासून रोज पहाट फुटली की सर सायकल घेऊन दारात. अण्णांना घेऊन गावाबाहेरच्या तलावाच्या बांधावर जायचे. तिथं आधीपासून म्हाताऱ्यांची एक बैठक असायची: रिटायर तलाठी, टेलरमामा, शेळ्या सोडून आलेले दोघं-तिघं. सगळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं झालेली आणि सगळ्यांच्या डोळ्यांवर शिबिरातले ते काळेकुट्ट चष्मे, कडेनंसुद्धा बंद असलेले. बांधावर ओळीनं बसले की सिनेमातली दरोडेखोरांची टोळी वाटायची. आमचे अण्णाही त्याच टोळीतले. संध्याकाळी घरी ट्यूब बंद, एक मिणमिणता पिवळा दिवा. मीसुद्धा मावशीची मामी करायला लागले.

आणि एवढं सगळं करून गुण किती? शून्य! अण्णा बांधावरून आले की आत जाऊन झोपायचे आणि अंधार पडला की टक्क जागे. आठवडा गेला, आणखी एक गेला. आकाशकंदील बाजारात आले. सरांचे टकलावरचे चार केससुद्धा खाली बसले. स्टाफरूममध्ये लोक टिंगल करायला लागले, "काय सर, कंट्रोलर संपावर गेला का?" सर हसायचे, पण पहिल्यासारखं नाही. मला म्हणाले, "मॅडम, शास्त्र चुकत न्हाय. म्याच कुठंतरी चुकायलोय. पण कुठं, त्ये काय घावंना."

ते घावलं बाजारच्या दिवशी. मी माझ्या वर्गात कविता शिकवत होते आणि शेजारच्या वर्गात सर. त्यांचा आवाज एवढा की माझी पोरंही निम्मी जीवशास्त्रच शिकायची. सर सांगत होते, "तेल्याच्या घाण्याला बैल जुंपला की त्याच्या डोळ्यांवर झापड बांधायचे. का? त्याला वाटावं आपण सरळ रस्त्यानं निघालोय. डोळ्यांवर झापड बांधली, की मेंदूला बाहेरचं..." आणि आवाज बंद. आम्हाला वाटलं, भरदिवसा झोपले की काय! तोच सर माझ्या दारात. हातात खडू, डोळे बटाट्याएवढे. "मॅडम! झापड! अण्णांच्या डोळ्यांवर झापड हाय! आवो, म्या रोज शेजारी बसतोय आन माझ्या मेल्याच्या ध्यानात आलं न्हाय!" आणि पळत सुटले.

मी त्यांच्यामागं पळाले. माझा वर्ग माझ्यामागं, त्यांचा वर्ग माझ्या वर्गामागं. भर बाजारातून! बाजारात असं कुणी पळालं की लोकांना वाटतं बैल उधळला. झालं! "उधळला, उधळला!" करून हा गलका. खव्याची पाटी घेऊन बसलेली म्हातारी पाटी डोक्यावर घेऊन उभी राहिली, एक पाव्हणा लसणाच्या ढिगावर चढला, आणि लोक सरांनाच ओरडून सांगतायत, "सर, पळा पळा!" सर पळतच होते. मला हसू आवरेना, दम पुरेना आणि साडीच्या निऱ्या तर कधीच सुटल्या होत्या.

घरी आतल्या खोलीत अण्णा गाढ झोपलेले. डोळ्यांवर काळा चष्मा. झोपेतसुद्धा! सर कमरेवर हात ठेवून धापा टाकत बघत राहिले आणि मग खाली बसून एवढे हसले, एवढे हसले, की अण्णा दचकून उठले. "कोण हाय? गाडी लागली का?"

"लागली अण्णा, लागली! आवो, डॉक्टरनं तुमच्या खिडकीची काच धुऊन पुसून लख्ख केली, आन तुम्ही तिच्यावर घोंगडं टाकून बसलाव. डोळ्यांत उजेडच कमी जातोय तर कंट्रोलरला सांगावा कोण देणार? काढा त्यो चष्मा."

अण्णांचा हात चष्म्यावर गेला. काढायला नाही, धरून ठेवायला. "न्हाय."

"आवो, चष्मा ऑपरेशननंतर थोडे दिवसच घालायचा असतो. तुमच्या ऑपरेशनला वरीस होऊन गेलं."

"न्हाय म्हंजी न्हाय. पुण्याला जाईन, पण ह्यो काढणार न्हाय." आणि भिंतीकडं तोंड करून झोपले. दारात दोन वर्ग उभे होते, त्यांना मी कसंबसं माघारी धाडलं. माझ्या डोळ्यांपुढं मात्र अंधारी आली. हातातोंडाशी आलेला घास, आणि हा हट्ट! दादा यायला दोनच आठवडे उरले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचा थर्मास घेऊन मी बांधावर गेले. बाकीची मंडळी अजून यायची होती. सर आणि अण्णा पाठमोरे बसले होते, आणि अण्णा हळू आवाजात बोलत होते. मी तिथंच थबकले.

"सर, चष्मा काढला की उन्हानं डोळ्यांतून पाणी येतं. बगणारे म्हणत्यात, ड्रायव्हर बायकोच्या नावानं रडायलाय. एकदा टेलरनं विचारलं बी. भर स्टँडवर."

"पाण्याला थेंब घालता येत्यात. डोळ्यांच्या डॉक्टरकडं जाऊन यिऊ."

अण्णांनी चष्मा नाकावर आणखी घट्ट बसवला. मग म्हणाले, "नुसतं उन्हाचं न्हाय, सर. येतंच मला रडू. उजेड पडला की ती बाज ओढायला यायची. आता उजेड पडतो आन कुणीच येत न्हाय. गडीमाणसानं लोकांपुढं कसं रडायचं?"

मला वाटलं, आता सर शास्त्र सांगणार. सांगितलं नाही. अण्णांच्या गुडघ्यावर हात ठेवून बसले. आणि मग एकदम, अंगात आल्यासारखे, उठून उभे राहिले. "अण्णा! उद्या सगळ्यांनी हितं सुशीला खायची. म्या मुरमुरे भिजवून आणतो, मॅडम शेगडी आणतील. कांदे मात्र तुम्ही सगळ्यांनी चिरायचे. भरपूर!"

सुशीला म्हणजे आमच्याकडची मुरमुऱ्यांची न्याहारी. तिला कांदा लागतो, पण सरांनी आणला तेवढा नाही. त्यांनी आख्खी पिशवी आणली होती आणि निवडून निवडून तिखट, लालभडक कांदा. बांधावर ओळीनं म्हातारे बसले, प्रत्येकापुढं एकेक विळी आणि कांद्यांचा ढीग. सरांनी फर्मान काढलं, "काळे चष्मे काढा रे समद्यांनी! बोट कापलं तर माझ्या सुशीलेत रगत नको." बाकीच्यांनी चष्मे काढून खिशात घातले. अण्णांनी इकडं तिकडं बघितलं. टेलरमामांच्या डोळ्यांतून एव्हाना धारा लागल्या होत्या. तलाठीअप्पा नाक पुसत शिव्या देत होते. शेळ्यावाले तर हुंदकेच देत होते. सर स्वतः मध्यभागी बसून कांदा चिरत, भोकाड पसरल्यासारखे रडत आणि त्याच वेळी खदाखदा हसत होते. अण्णांनी हळूच चष्मा काढला. कांदा हातात घेतला, पहिला काप दिला, आणि बांध फुटल्यासारखे रडले. खांदे हलत होते. कुणी बघितलं नाही, कुणी विचारलं नाही. विचारणार कोण? सगळेच रडत होते. टेलरमामा रडत रडत म्हणाले, "ड्रायव्हर, आजचा कांदा लई वंगाळ हाय." अण्णा म्हणाले, "व्हय राव, लईच." मी शेगडी फुंकण्याच्या निमित्तानं खाली वाकले आणि माझं रडून घेतलं.

मग रोज सुशीला. भूममध्ये कांद्याचा भाव आम्हीच वाढवला असं बाजारात बोलायचे. रोज सकाळी उघड्या डोळ्यांनी भरपूर उजेड, दुपारी आतल्या खोलीला कुलूप, संध्याकाळी मिणमिणता दिवा. आधी अण्णा दुपारचे डुलक्या खायचे, चिडायचे, सरांना 'हा कांदेवाला' म्हणायचे. मग हळूहळू रात्रीचा रेडिओ लवकर बंद व्हायला लागला. शेजाऱ्यांचं कुत्रं हाक येईना म्हणून चुळबुळ करायला लागलं. एका सकाळी मी उठून बघते, तर अण्णा माझ्या आधी उठून अंगण झाडतायत. मी सरांना सांगायला धावले, तर सरांनी सायकल सोडून दिली आणि रस्त्यावरच उड्या मारल्या. साठीला टेकलेला माणूस!

भाऊबिजेच्या सकाळी दादा आला. रात्रीचं काम उरकून तसाच गाडी हाकत आला होता. ओवाळणीत अण्णाच मागायचे असं मी ठरवलं होतं. वाक्यसुद्धा पाठ केलं होतं. पण दादा दारात उभाच राहून म्हणाला, "अण्णा कुठायत? आत झोपलेत ना? सामान भरू या." मी म्हटलं, "अण्णा घरात नाहीत." त्याचा चेहराच उतरला. "म्हणजे आता घर सोडूनही जायला लागले?" मी त्याला तसाच बांधावर नेलं.

सूर्य नुकता वर आला होता. अण्णा ताठ बसून कांदा चिरत होते, मोकळ्या डोळ्यांनी. त्यांनी मान वर केली आणि दादाकडं बघितलं. पोराला असं भर उजेडात त्यांनी कितीतरी दिवसांनी बघितलं असेल. दादाच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं, चेहरा पिवळा, उन्हाला तो हातानं आडोसा करत होता.

"अण्णा, तुम्हाला न्यायला आलोय."

अण्णांनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "मला? आरं, तुजंच तोंड बग की जरा. सर, ह्याचा कंट्रोलर बगा."

सर दादाचं मनगट धरून त्याला उन्हाच्या बाजूला वळवतच होते. "रातराणीवर हाय ह्यो," सर म्हणाले, "बापासारखाच." अण्णांनी बाजूला सरकून जागा केली आणि दादापुढं विळी सरकवली. "चार दिस ऱ्हा हितं. मंग बगू कोण कुणाला न्हेतंय."

दादानं ऑफिसला फोन करून सुट्टी वाढवून घेतली. आठवडाभर तो बांधावर कांदे चिरत होता आणि सूर्य मावळला की सरांच्या जोडीनं मान टाकत होता. अण्णांना पुण्याला नेण्याचं नाव त्यानं पुन्हा काढलं नाही. परत गेल्यावर त्यानं दिवसाची पाळी मागून घेतली.

गुंजाळ सर गेल्या आषाढात गेले. छातीत कळ आली आणि दवाखान्यात पोचायच्या आत आटोपलं. अण्णा किती दिवस एकच सांगत होते, "आभाळ भरून आलेलं हुतं, माय. ऊन पडलं असतं तर ह्यो माणूस जाणारा न्हवता." मला ते शास्त्राला धरून वाटत नाही, पण मी खोडून काढलं नाही.

सरांची आठवण आली की मला दादा पुण्याला निघाला ती सकाळ आठवते. सर त्याला निरोप द्यायला आले होते. रस्त्यावर कोवळं ऊन होतं. दादानं गाडी सुरू केली आणि अण्णा खिडकीशी वाकले. त्यांच्या गालांवरून पाणी ओघळत होतं.

दादा हसून म्हणाला, "अण्णा, आज तर कांदे चिरले नाहीत."

"न्हाय चिरले," अण्णा म्हणाले. "तुजी आई आठवायलीय."

आई गेल्यापासून आम्हा दोघांपुढं त्यांनी तिचं नाव काढलं नव्हतं. दादानं गाडी बंद केली, खाली उतरला आणि अण्णांच्या गळ्यात पडला. मीही धावले. आम्ही तिघं भररस्त्यात रडत होतो. सायकलवाले थांबले, दुधाचे कॅनवाले थांबले, समोरच्या हॉटेलातली माणसं ग्लास हातात धरून बाहेर आली. मी सरांकडं बघितलं. एरवी चार माणसं जमली की ज्यांचं तोंड थांबायचं नाही, ते सर सायकलीचं हँडल धरून गप्प उभे होते.

दादा पुटपुटला, "अण्णा, लोक बघायलेत."

"बगू दे," अण्णा म्हणाले.